आधीं काम, मग यंत्र

नाडी न पाहतां काढा देणारा वैद्य आणि काम न पाहतां यंत्र सुचविणारा सल्लागार हे दोघेही एकाच पंक्तीला बसविण्याच्या योग्यतेचे होत. पहिल्याची ओळख आपल्या समाजास पुष्कळ काळापासून आहे. दुसरा मात्र नवा आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी हा संभाषण करणारा संगणक-कार्यक्रम लोकांपुढें आला, तेव्हांपासून 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे शब्द विद्वानांच्या परिषदांतून निघून किराणा दुकानदाराच्या गादीपर्यंत येऊन पोहोंचले आहेत. 'तुमच्या धंद्यांत ही बुद्धिमत्ता बसवून देतों' असें म्हणणारे सल्लागार आतां लहान कारखान्यांच्या दारांतही दिसूं लागले आहेत. आमच्या शाळेंतील अनेक विद्यार्थी अशाच लहान धंद्यांच्या घरांतून येतात. त्यांपैकीं कांहीं उद्यां स्वतः हा सल्ला देण्याचा व्यवसाय करतील, आणि पुष्कळांवर तो घेण्याचा प्रसंग येईल. म्हणून खरा सल्ला कोणता व खोटा कोणता, हें कसें ओळखावें, याचा थोडासा अभ्यास प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

शब्दांचा अर्थ

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. लहान व मध्यम उद्योग कोणास म्हणावें, हें आपल्या देशांत कायद्यानेंच ठरवून दिलें आहे. हा कायदा २००६ सालचा असून त्याखालील मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वाढविण्यांत आल्या आहेत. यंत्रसामुग्रींत घातलेलें भांडवल अडीच कोटि रुपयांपेक्षां व वार्षिक उलाढाल दहा कोटींपेक्षां अधिक नसेल, तर तो उद्योग सूक्ष्म होय. याच दोन मर्यादा लघु उद्योगास अनुक्रमें २५ कोटि व १०० कोटि, आणि मध्यम उद्योगास १२५ कोटि व ५०० कोटि अशा आहेत. आपल्या ओळखीचीं बहुतेक दुकानें, छापखाने, पिठाच्या गिरण्या व थोड्या मागांचे कारखाने पहिल्याच वर्गांत मोडतात. मोठ्या कंपनीनें दहा लाख रुपये चुकीच्या यंत्रांत घातले तर तिच्या वार्षिक अहवालांत एक ओळ वाढते. सूक्ष्म उद्योगाच्या मालकाचे तेच दहा लाख बुडाले, तर त्याच्या मुलीचें शिक्षण किंवा राहतें घर धोक्यांत येतें. सल्लागाराच्या शब्दाला लहान धंद्यांत किती वजन असतें, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां 'स्वयंचलन' व 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या दोन शब्दांतील भेद पाहूं. स्वयंचलन म्हणजे मनुष्यानें ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणें काम आपोआप होणें. पाण्याची टांकी भरतांच पाणी बंद करणारा तरंगता गोळा हें त्याचें सर्वांच्या पाहण्यांतील उदाहरण होय. येथें नियम बरोबर असेल तर काम प्रत्येक वेळीं बरोबर होईल, आणि नियम चुकला असेल तर प्रत्येक वेळीं तीच चूक होईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेची तऱ्हा निराळी आहे. तिचें हें नांव १९५६ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत भरलेल्या परिषदेपासून रूढ झालें. आज जिचा बोलबाला आहे तिच्यांत नियम मनुष्य लिहून देत नाहीं. असंख्य उदाहरणें यंत्रापुढें ठेवून त्यांतील साम्य त्यानें स्वतःच शोधून काढावें, अशी योजना असते. भाषेचें काम करणारें यंत्र 'या शब्दांनंतर बहुधा कोणता शब्द येईल' याचा अंदाज करीत करीत वाक्यें रचितें. येथें 'बहुधा' हा शब्द विद्यार्थ्यांनीं अधोरेखित करून ठेवावा. यंत्राचें उत्तर पुष्कळदां बरोबर असतें; परंतु चुकीचें उत्तरही तें तितक्याच ऐटीनें देतें.

यावरून एक साधा नियम निघतो. बेरीज, व्याज, पगार अशा ज्या कामांत नियम स्पष्ट आहे, तेथें साधें स्वयंचलनच शहाणपणाचें. अक्षर ओळखणें, बोललेलें उतरून घेणें, कापडांतील दोष हेरणें, पत्राचा मसुदा करणें अशा ज्या कामांत नियम लिहून काढतां येत नाहीं, तेथेंच कृत्रिम बुद्धीचा विचार करावा. हा भेद न सांगतां दोहोंस एकच भाव लावणारा सल्लागार भेटल्यास त्यास दुरूनच नमस्कार करावा.

इतिहासाची साक्ष

नवें यंत्र आलें म्हणजे लाभ झालाच, असें पुष्कळांस वाटतें. इतिहास तसें सांगत नाहीं. १८८२ च्या सप्टेंबरांत एडिसननें न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीटवरील वीजघर सुरू केलें. वीज वाफेपेक्षां सोयीची होती हें उघड आहे; तरीही १८९९ सालीं अमेरिकेंतील कारखान्यांना लागणाऱ्या चालकशक्तीपैकीं पांच टक्केही शक्ति विजेच्या मोटारींकडून मिळत नव्हती. याचें मर्म स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थेतिहासकार पॉल डेव्हिड यांनीं १९९० सालच्या एका निबंधांत उलगडून दाखविलें आहे. वाफेच्या कारखान्यांत एकच मोठें एंजिन असे. छताखालून एक लांब लोखंडी दांडा फिरत राही व त्यावरून चामड्याचे पट्टे खालच्या प्रत्येक यंत्राकडे येत. त्यामुळें यंत्रें कामाच्या क्रमानें न मांडतां दांड्याच्या सोयीनें मांडावीं लागत. वीज आल्यावर कित्येक मालकांनीं आरंभीं इतकेंच केलें, कीं एंजिन काढून त्याच्या जागीं एक मोठी मोटार बसविली. दांडा तोच, पट्टे तेच, मांडणीही तीच; म्हणून खर्च झाला तरी लाभ बेताचाच झाला. पुढें प्रत्येक यंत्रास स्वतंत्र लहान मोटार देण्याची पद्धति पसरली, दांडा गेला, यंत्रें मालाच्या वाटेप्रमाणें मांडलीं गेलीं, आणि मग १९२० नंतरच्या दशकांत उत्पादन झपाट्यानें वाढलें. वीज आल्यानंतर कामाची मांडणी बदलावयास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं, आणि विजेचें खरें फळ त्या बदलानंतरच हातीं आलें.

दुसरें उदाहरण जपानचें आहे. तें मागाशीं संबंधित असल्यामुळें आपणांस अधिक जवळचें वाटेल. साकिची टोयोडा (१८६७-१९३०) हा एका सुताराचा मुलगा. त्यानें १८९६ सालीं शक्तीवर चालणारा माग तयार केला. त्यांत अशी युक्ति होती, कीं बाण्याचा धागा तुटतांच माग आपोआप थांबे. १९२४ सालीं सिद्ध झालेल्या त्याच्या स्वयंचलित मागांत सूत संपलेला धोटा माग न थांबवितां बदलला जाई, आणि धागा तुटला कीं माग उभा राही. त्यामुळें एकच कामगार तीस ते पन्नास माग सांभाळूं लागला. १९२९ सालीं इंग्लंडांतील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीनें त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांस घेतले. टोयोडानें आपल्या लहानपणीं घरीं माग चालतांना पाहिला होता, आणि विणणाऱ्याचा वेळ कोठें जातो हें त्यास ठाऊक होतें. धागा केव्हां तुटेल याची वाट पाहत मनुष्य उभा राहतो, तो वेळ त्यानें वांचविला. चूक होतांच थांबून मनुष्यास हांक मारणारें यंत्र हेंच विश्वासाचें यंत्र, हा धडा त्याच्या मागानें घालून दिला आहे. आजच्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांसही हीच कसोटी लावली पाहिजे.

एका कारखान्याचें उदाहरण

आतां आपल्याच प्रांतांत येऊं. कोल्हापूर जिल्ह्यांतील इचलकरंजी येथें १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आला, आणि पंचगंगेच्या कांठचें तें जहागिरीचें गांव वाढत वाढत वस्त्रोद्योगाचें मोठें केंद्र झालें. २०२२ सालीं तेथें महानगरपालिका स्थापन झाली. तेथील अनेक लहान मागधारक स्वतः सूत विकत घेत नाहींत. व्यापाऱ्याकडून ताण्याचे बीम व बाण्याचें सूत घ्यावें, कापड विणून द्यावें, आणि पिकावर, म्हणजे कापडाच्या दर इंचांत बाण्याचे जितके धागे पडतात त्या मानानें, मजुरी घ्यावी, असा त्यांचा व्यवहार असतो. अशा मागधारकास तिकडे 'खर्चीवाला' म्हणतात. कारखान्यांत विणकर, जॉबर, कांडीवाला व घडीवाला यांच्याबरोबर हिशेब ठेवणारा एक दिवाणजीही असतो.

समजा, अशा एका लहान कारखान्याच्या मालकानें सल्लागारास बोलाविलें. पुढील आंकडे गणितासाठीं कल्पिलेले आहेत. पद्धति मात्र खऱ्या कामाची आहे.

पहिली पायरी पाहण्याची. सल्लागारानें एक आठवडा दिवाणजीच्या शेजारीं घड्याळ व वही घेऊन बसावें. मालकास काय वाटतें तें ऐकावें, पण लिहावें तें डोळ्यांनीं पाहिलेलें. समजा, त्यास पुढीलप्रमाणें आढळलें: व्यापाऱ्यांचे मोबाइलवरील लेखी व तोंडी निरोप वहींत उतरण्यास रोज ४५ मिनिटें; प्रत्येक विणकराचें काम व मजुरी मांडण्यास ७५ मिनिटें; बिलें करण्यास ३० मिनिटें; आणि येणें वसूल करण्याच्या फोनांस ३० मिनिटें. एकूण १८० मिनिटें, म्हणजे तीन तास.

दुसरी पायरी मोजण्याची. दिवाणजीचा पगार महिना २०,८०० रुपये, कामाचे दिवस २६ व रोजचे तास ८ धरिले, तर महिन्याचे २०८ तास होतात व ताशीं १०० रुपये पडतात. मालकाच्या कानावर कोणीं तरी घातलें आहे, कीं तोंडी निरोप ऐकून ते आपोआप नोंदणारें कृत्रिम बुद्धीचें साधन महिना ३,००० रुपयांस मिळतें. तें घेतलें, तरी नोंद बरोबर आहे कीं नाहीं हें दिवाणजीस तपासावें लागणारच. त्यास २५ मिनिटें धरूं. म्हणजे ४५ पैकीं २० मिनिटें वांचलीं. महिन्याचीं ५२० मिनिटें, म्हणजे ८ तास ४० मिनिटें. त्यांची किंमत सुमारें ८६७ रुपये. तीन हजार देऊन ८६७ मिळविणें म्हणजे दरमहा २,१३३ रुपयांचा तोटा.

उलट मजुरीचा हिशेब पाहा. पिकाचा दर, मीटर व पाळी यांचा गुणाकार हा स्पष्ट नियमाचा विषय आहे. संगणकावर एक साधें कोष्टक तयार करून दिलें, तर ७५ मिनिटांचें काम २० मिनिटांत होईल. रोज ५५ मिनिटें वांचलीं, तर महिन्याचे २३ तास ५० मिनिटें, म्हणजे सुमारें २,३८३ रुपयांचा वेळ मोकळा झाला; आणि यास खर्च काय, तर दिवाणजीस दोन-तीन दिवस शिकविण्याचा. नवलाईचें साधन तोट्याचें व साधें कोष्टक फायद्याचें, असा हा निकाल घड्याळानें दिला.

तिसरी पायरी खरा रोग शोधण्याची. मोकळ्या झालेल्या वेळाचे पैसे आपोआप पेटींत पडत नाहींत. दिवाणजीचा पगार महिन्याचा आहे, तो तेवढाच राहील. वेळ दुसऱ्या उपयुक्त कामास लागला तरच लाभ. समजा, व्यापाऱ्यांकडे सहा लाख रुपये येणें असून तें पंधरा दिवस उशिरां येतें. दरसाल दर शेंकडा १२ व्याजानें पंधरा दिवसांचें व्याज सुमारें २,९५९ रुपये होतें. प्रत्येक खेपेस हा तोटा मुकाट्यानें सोसला जातो. आपल्या २००६ च्या कायद्याप्रमाणें सूक्ष्म व लघु उद्योगाचें बिल लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आंत चुकतें करावें लागतें. न केल्यास रिझर्व्ह बँकेनें जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दरानें, महिन्यामहिन्यास चक्रवाढ होणारें व्याज द्यावें लागतें. अर्थात् लहान मागधारक आपल्या नेहमींच्या गिऱ्हाइकावर एकदम कायदा उगारीत नाहीं. परंतु कोणत्या बिलास किती दिवस झाले याची तारीखवार यादी त्याच कोष्टकांत आपोआप तयार व्हावी, आणि ठरल्या दिवशीं सौम्य शब्दांत स्मरणाचा निरोप जावा, इतकी व्यवस्था सहज होण्यासारखी आहे. त्या निरोपाचा मराठी किंवा हिंदी मसुदा करण्याच्या कामीं कृत्रिम बुद्धीचा उपयोग खुशाल करावा. कारण मसुदा दिवाणजी वाचून पाहणारच, आणि शब्द थोडा इकडचा तिकडे झाला तरी कापड बिघडत नाहीं.

चौथी पायरी परीक्षेची. तोंडी निरोप नोंदणारें साधन पुढें स्वस्त झालें, तरी तें विकत घेण्यापूर्वीं त्याची परीक्षा घ्यावी. भारतीय भाषांतील भाषण व भाषांतर यांसाठीं भारत सरकारनें २०२२ सालीं 'भाषिणी' ही योजना सुरू केली, आणि अशा साधनांत सुधारणा होत आहे. पण इचलकरंजी कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. तेथील बाजारांत मराठी, हिंदी, मारवाडी व कानडी यांची सरमिसळ कानीं पडते. शिवाय आपले आंकडे पाहा: सव्वाशें, पावणेदोनशें, अडीचशें, साडेसातशें. 'पावणेदोनशें' म्हणजे १७५ हें आपल्या लहान मुलासही कळतें. यंत्रास कळतें कीं नाहीं, हें मानून न घेतां पाहावें. जुने शंभर निरोप घ्यावे, ज्यांचीं बरोबर उत्तरें वहींत आहेत; ते यंत्रास द्यावे आणि चुका मोजाव्या. चुकांची संख्या जशी मोजावी तसें त्यांचें मोलही मोजावें. नांवाचें एक अक्षर चुकलें तर फारसें बिघडत नाहीं. मीटरांचा आंकडा चुकला तर सबंध बीम वायां जाण्याचा संभव असतो.

पांचवी पायरी आकारमानाची. कापडांतील दोष कॅमेऱ्यानें हेरणारीं यंत्रें आज मिळतात व तीं उपयुक्त आहेत. पण तीं कोणास परवडतात? समजा, महिन्यास २०,००० मीटर कापड निघतें, त्यांत शेंकडा तीन सदोष निघतें व दर मीटरामागें दहा रुपये तोटा होतो. सदोष कापड ६०० मीटर, तोटा ६,००० रुपये. कॅमेऱ्यानें तो निम्म्यावर आणला, तर बचत दरमहा ३,००० रुपये. यंत्राची किंमत सहा लाख धरिली, तर ती फिटावयास २०० महिने, म्हणजे सोळा वर्षें आठ महिने लागतील. तोंवर यंत्रच मोडीस निघेल. तेंच दहापट कापड काढणाऱ्या कारखान्यांत हीच किंमत वीस महिन्यांत फिटते. म्हणून एकाच यंत्राविषयीं एका मालकास 'घेऊं नका' व दुसऱ्यास 'अवश्य घ्या' असें सांगणारा सल्लागार खरा असूं शकतो. आणखी एक मार्ग आहे: असे दहा लहान मागधारक एकत्र येऊन सामाईक तपासणीची सोय करूं शकतात. सहकाराची सवय कोल्हापूर भागास नवी नाहीं.

चुकीचा धनी कोण?

यंत्रानें चूक केली तर तिचा जबाब कोणीं द्यावयाचा, हा प्रश्न सल्लागारानें आधींच मालकापुढें ठेविला पाहिजे. यावर कॅनडा देशांतील एक निकाल मननीय आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील संभाषण-यंत्रानें, आजीच्या निधनामुळें प्रवास करणाऱ्या एका उतारूस सांगितलें, कीं शोकप्रसंगीं मिळणारी भाड्यांतील सूट प्रवासानंतरही मागतां येते. कंपनीचा नियम तसा नव्हता, म्हणून तिनें सूट नाकारली. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणापुढें गेलें, तेव्हां आपलें संभाषण-यंत्र आपल्या कृतीस स्वतःच जबाबदार आहे, अशा अर्थाचाही बचाव कंपनीनें केला. फेब्रुवारी २०२४ मध्यें न्यायाधिकरणानें तो फेटाळून कंपनीस भरपाई देण्यास सांगितलें. रक्कम लहान होती. तत्त्व मोठें आहे. त्यापूर्वीं जून २०२३ मध्यें न्यूयॉर्क येथील एका न्यायालयानें दोन वकिलांस व त्यांच्या कार्यालयास मिळून पांच हजार डॉलर दंड केला, कारण यंत्रानें रचून दिलेले, कधींच न झालेले निकाल त्यांनीं न्यायालयापुढें मांडले होते.

तात्पर्य, दुकानाच्या पाटीवर ज्याचें नांव, चुकीचा धनीही तोच. म्हणून दर, मुदत, वजन, माप व पैसा यांविषयींचा शब्द मनुष्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाऊं नये. गिऱ्हाइकांचे व कामगारांचे नांव-पत्ते, फोन व पगार बाहेरच्या यंत्रांत सरसकट ओतणेंही योग्य नाहीं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेनें २०२३ सालीं केला असून त्याच्या गंभीर भंगास अडीचशें कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दिवाणजीचें काय?

कोणी विचारील, कीं या सर्व गणितांत दिवाणजीचें काय होणार? प्रश्न रास्त आहे, आणि जो सल्लागार तो टाळतो त्याचें गणितही शेवटीं चुकतें. अमुक व्यापाऱ्याचें 'उद्यां' म्हणजे पुढचा आठवडा, तमुक मागावर पावसाळ्यांत धागा अधिक तुटतो, एखाद्या विणकराची मजुरी शनिवारींच द्यावी लागते कारण त्याच्या घरीं आजारपण आहे: ही माहिती कोणत्याही वहींत नसते, ती दिवाणजीच्या डोक्यांत असते. नवें साधन आपल्या पोटावर येणार असें त्यास वाटलें, तर तो ती सांगणार नाहीं, आणि तिच्यावांचून बसविलेलें यंत्र पहिल्याच महिन्यांत अडेल. यासाठीं सल्लागारानें मालकास पहिल्याच दिवशीं स्पष्ट विचारावें: तुम्हांस एक माणूस कमी करावयाचा आहे, कीं एका माणसाचा वेळ मोकळा करावयाचा आहे? उत्तर दुसरें असेल, तर तें मालकानें दिवाणजीसमक्ष सांगावें. उत्तर पहिलें असेल, तर तें लपवून त्याच माणसाकडून माहिती काढून घेणें हें सभ्यपणाचें नव्हे. त्यास आगाऊ कळवून, नवें काम शिकण्यास अवधि देऊन, मगच पुढें जावें. पंधरा-वीस वर्षें ज्यानें दुसऱ्याच्या पैशाचा पैन् पै हिशेब ठेविला, त्याचा हिशेब चुकता करतांना आपणही तितकेंच चोख असावें.

सल्लागाराची परीक्षा

आतां मालकाच्या बाजूनें पाहूं. दारांत आलेल्या सल्लागारास पुढील पांच प्रश्न विचारावे. पहिला: यंत्र सुचविण्यापूर्वीं तुम्ही आमचें काम किती दिवस पाहाल? दुसरा: ज्या कंपनीचें साधन सुचवितां, तिच्याकडून तुम्हांस दलाली मिळते काय? मिळत असल्यास तें अगोदर सांगा. तिसरा: हें काम साध्या कोष्टकानें किंवा कामाचा क्रम बदलून होणार नाहीं, हें कशावरून? चौथा: एका लहान कामावर महिनाभर प्रयोग करून दाखवाल काय, आणि कोणता आंकडा आला म्हणजे प्रयोग फसला असें मानावयाचें, हें आज लिहून द्याल काय? पांचवा: तुम्ही निघून गेल्यावर हें साधन आमचींच माणसें चालवूं शकतील काय, आणि आमच्या नोंदी आम्हांस परत काढून घेतां येतील काय? या पांचांचीं सरळ उत्तरें देणारा मनुष्य मिळाला, तर त्याची फी आनंदानें द्यावी. 'तुम्हांस यंत्राची गरज नाहीं' असा अभिप्राय त्यानें दिला, तरी ती द्यावी. कारण त्या एका वाक्यानें मालकाचे लाखों रुपये वांचलेले असूं शकतात.

हा लेख यंत्राविरुद्ध आहे, असें कोणी समजूं नये. वीज आली नसती तर बरें झालें असतें, असें आज कोण म्हणेल? यंत्रानें मनुष्याचें कंटाळवाणें काम हलकें करावें, हें इष्टच आहे. परंतु कोणतें काम कंटाळवाणें, कोणतें नाजूक व कोणतें मुळांतच अनावश्यक, हें यंत्र सांगत नाहीं. तें कामाशेजारीं बसून पाहावें लागतें. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं जे पुढें या व्यवसायांत पडतील त्यांनीं संगणकाची विद्या अवश्य संपादन करावी. तिच्याबरोबर त्रैराशिक, व्याज, स्वच्छ मराठी आणि दुसऱ्याचें शांतपणें ऐकून घेण्याची संवय हींही संपादन करावीं. लहान धंद्याच्या दारीं या चार गोष्टी घेऊन जाणारा सल्लागार त्या घराचें कल्याणच करील.

अभ्यासासाठीं

१. एका छापखान्यास एक साधन महिना १,५०० रुपयांस मिळतें. त्यानें रोज ३० मिनिटें वांचतात; कामाचे दिवस २५ व कामगाराचा मोबदला ताशीं ९० रुपये आहे. लाभ कीं तोटा, व किती? मोबदला ताशीं किती असता, तर लाभ व खर्च समान झाले असते?

२. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या धंद्यांत एक दिवस बसून, परवानगी घेऊन, कोणत्या कामास किती मिनिटें लागतात याचें टिपण करा. त्यांतील कोणत्या कामाचा नियम लिहून देतां येईल व कोणत्याचा येणार नाहीं, हें कारणांसह लिहा.

३. तुमच्या टिपणांतील कोणतें काम यंत्राकडे मुळींच देऊं नये असें तुम्हांस वाटतें? तें काम करणाऱ्या मनुष्यास विचारून त्याचें मतही आपल्या मताशेजारीं लिहा.